एका गतीची सायकल आणि तिचा सांगाडा

सायकल विकत घेणे वेगळे आणि सायकल बांधून घेणे वेगळे. दुकानात उभी असलेली सायकल घेणाऱ्याला रंग आणि किंमत एवढ्या दोनच गोष्टींचा विचार करावा लागतो. बाकीचे निर्णय कारखान्यात कोणीतरी त्याच्यासाठी घेऊन ठेवलेले असतात. सुटे भाग जमवून आपल्या मापाची सायकल बांधून घेणाऱ्याला मात्र ते सारे स्वतः ठरवावे लागते. त्यातही ज्याला गिअरबदलाचे लटांबर नको, पुढे एक दंतचक्र आणि मागे एक दंतचक्र एवढ्यावर ज्याचे भागते, त्याच्यापुढचे प्रश्न संख्येने थोडे असतात. पण त्यांतला पहिलाच असा असतो की तो चुकला तर पुढची सगळी उत्तरे बरोबर येऊनही उपयोग होत नाही. तो प्रश्न सांगाड्याचा. टायर झिजते, साखळी सैल पडते, सीट फाटते, हँडल वाकते. हे सर्व बदलता येते. सांगाडा बदलला की सायकलच दुसरी झाली. कारागीर ज्याला फ्रेम म्हणतात तो हा पोकळ नळ्यांचा आकार कसा ठरत गेला, आणि तो निवडताना निरनिराळ्या काळांतील माणसांनी काय मिळविले व काय सोडले, ही हकिकत मोठी उद्बोधक आहे.

१८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचे जे वाहन रस्त्यावर आणले, त्याला पायडले नव्हती. लाकडी तुळईवर बसून जमिनीला पाय रेटीत ते पळवायचे. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पायडले बसली आणि त्याबरोबर एक नवी अडचण उभी राहिली. पायांचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. तेव्हा वेग वाढवायचा तर चाक मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८७० नंतरची, पुढे माणसाच्या छातीला लागेल एवढे चाक आणि मागे चिमुकले चाक असलेली सायकल जन्मास आली ती या हिशेबातून. त्या चाकाचा व्यास ५० ते ६० इंच असे. त्याहून मोठे चाक कोणाला मिळत नसे, कारण माणसाचे पाय तेथवर पोचत नसत. म्हणून त्या काळी सायकल घ्यावयास जाणाऱ्याच्या पायाचे माप घेतले जाई, आणि उंच माणसाला ठेंगण्यापेक्षा अधिक वेगवान सायकल मिळे. एका परीने पाहता, प्रत्येक सायकल तेव्हा बांधून घेतलेलीच होती.

त्या उंच चाकाची स्मृती एका हिशेबात अद्याप शिल्लक आहे. इंग्रजी रीतीने सायकलचा गिअर आजही इंचांत सांगतात. पुढच्या दंतचक्राच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागायचे आणि चाकाच्या व्यासाने गुणायचे. पुढे ४६ दाते, मागे १६ दाते आणि २७ इंचांचे चाक असेल तर उत्तर साडेसत्त्याहत्तर इंचांच्या आसपास येते. म्हणजे ही सायकल साडेसत्त्याहत्तर इंच व्यासाच्या उंच चाकाएवढी धाव घेते. असे चाक चालविण्याजोगे पाय मात्र कोणालाच लाभलेले नाहीत.

ही कोंडी साखळीने फोडली. १८८० साली हान्स रेनॉल्ड याने मँचेस्टर येथे रुळांची साखळी तयार केली, आणि १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल लोकांपुढे ठेवली. पायडले मधोमध, तेथून मागच्या चाकापर्यंत साखळी, आणि दोन्ही चाके जवळजवळ सारखी. (पोलंडमध्ये सायकलला आजही ‘रोवेर’ म्हणतात, तो शब्द या सायकलवरूनच आलेला.) चाकाचा आकार आणि वेग यांची आता फारकत झाली होती. तरीही स्टार्लीच्या आरंभीच्या सांगाड्यात एक उणीव होती. सीटपासून पायडलांच्या आसापर्यंत खाली उतरणारी सरळ नळी त्यात नव्हती, त्यामुळे पायांचा जोर पडला की तो मध्यभागी लवे. पुढील चार-पाच वर्षांत निरनिराळ्या कारखान्यांनी, विशेषतः नॉटिंगहॅमजवळच्या हंबर कंपनीने, ती नळी बसविली आणि १८९० च्या सुमारास आज सर्वपरिचित असलेला शंकरपाळ्याच्या आकाराचा सांगाडा सिद्ध झाला.

या आकाराचे मर्म घराच्या छपराची कैची ज्याने पाहिली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. चार काठ्यांची चौकट एका कोपऱ्याला धरून ढकलली की ती कलते. तीन काठ्यांचा त्रिकोण काठी मोडल्याशिवाय आकार बदलीत नाही. सायकलच्या सांगाड्यात असे दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून उभे असतात. खरे पाहता पुढचा त्रिकोण पुरता त्रिकोण नसतो. हँडल ज्या आखूड नळीत फिरते ती त्याची चौथी बाजू होते, आणि सांगाड्याला तडा जावयाचा तर तो बहुधा त्या नळीच्या आसपास जातो. जुना सांगाडा पारखणारा जाणकार तिरक्या नळीच्या खालच्या अंगावर, हँडलच्या नळीपासून दोन-तीन बोटांवर, अंगठा फिरवून पाहतो तो याचसाठी. तेथे रंगाखाली बारीकशी सुरकुती लागली तर ती सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे असे समजावे, मग वरचा रंग कितीही नवा असो.

आणखी एका गोष्टीने या आकाराला हात दिला. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप याने हवेचे टायर केले. तोपर्यंत रस्त्याचे धक्के सोसण्यासाठी सांगाड्यातच स्प्रिंगा बसविण्याचे नाना प्रकार चालले होते. हवेने ते काम आपल्याकडे घेतले आणि सांगाड्याला ताठ उभे राहण्याची मुभा मिळाली.

आकार ठरला, पण वजनाचा प्रश्न उरला. नळी जाड घेतली तर सायकल जड होते. पातळ घेतली तर सांध्याशी तुटते. त्या काळी नळ्यांची टोके ‘लग’ नावाच्या पोलादी कड्यांत बसवीत आणि वितळलेल्या पितळेने झाळीत. झाळताना पोलाद लालभडक होई आणि सांध्याजवळचा भाग मऊ पडे. नेमका ताणही तेथेच सर्वांत अधिक. यावर तोड काढली ती बर्मिंगहॅमच्या एका खिळे करणाऱ्या घराण्यातील आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने. १८९७ साली त्याने अशा नळीचे पेटंट घेतले की जिचा बाहेरचा व्यास सर्वत्र सारखा, परंतु आतून दोन्ही टोकांशी जाड आणि मधे पातळ. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही; हातात घेतल्यावर फरक कळतो. त्याच कारखान्याने १९३५ साली मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ‘५३१’ ही नळी काढली, आणि पुढे चाळीसएक वर्षे चांगल्या सांगाड्यावरची ती छोटीशी चिठ्ठी पाहूनच युरोपातील पुष्कळ सायकलस्वार आपली निवड करीत. मिलानच्या कोलंबो यांच्या ‘कोलंबस’ नळ्यांना इटलीत तीच प्रतिष्ठा होती.

एका गतीच्या सायकलच्या बाबतीत मात्र नळीच्या धातूपेक्षाही महत्त्वाची अशी एक क्षुल्लक दिसणारी जागा आहे. मागच्या चाकाचा आस ज्यात बसतो ती खाच. सायकलच्या साखळीचा एक दुवा अर्ध्या इंचाचा असतो, आणि साखळी कमी-जास्त करावयाची तर सामान्यतः दोन दुव्यांची जोडी, म्हणजे एक इंच, काढावी किंवा घालावी लागते. ती काढली की चाक अर्धा इंच पुढे सरकते. एखादा दाता वाढविला तर तेच चाक इंचाच्या आठव्या हिश्श्याने हलते. शिवाय साखळी झिजून लांबत जाते ती वेगळीच. तेव्हा साखळी नेमकी ताणलेली ठेवावयाची तर चाकाला पुढे-मागे सरकण्यास वाव पाहिजे. म्हणजेच खाच आडवी पाहिजे आणि ती निदान अर्ध्या इंचाहून लांब पाहिजे. साखळी सैल राहिली तर ती दात्यांवरून निसटते. फ्रीव्हील नसलेल्या, चाकाबरोबर पायडलेही अखंड फिरत राहणाऱ्या सायकलवर ती उतारावर निसटली तर स्वाराचे काय होईल, ते सांगावयास नको.

या खाचेवरून फ्रान्समध्ये एक मोठा वाद रंगला. निदान त्या वादाचे दृश्य फळ या खाचेत उतरले. सेंत-एत्येन गावचा पॉल द व्हिव्ही हा ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारा गृहस्थ १८८७ पासून स्वतःचे सायकलविषयक नियतकालिक चालवीत होता. डोंगरी मुलखात राहणाऱ्या या माणसाचे सांगणे असे की, एकाच सायकलला अनेक गती असाव्यात. चढावर छाती फोडून घेण्यात पुरुषार्थ कसला? त्याच्या विरुद्ध टोकाला होता आंरी देग्रांज, १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणारा संपादक. हा स्वतः जुना शर्यतवीर. गिअरबदल हा पंचेचाळिशी उलटलेल्यांचा आधार आहे, तरुणाने आपल्या स्नायूंवर विसंबावे, असे त्याचे १९०२ सालचे मत प्रसिद्ध आहे. शर्यत त्याची, नियमही त्याचेच. त्यामुळे १९३६ पर्यंत त्या शर्यतीतील व्यावसायिक स्वारांना साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे यंत्र वापरता येत नव्हते. त्यांच्या मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी दंतचक्रे असत, एका बाजूस सपाटीसाठी आणि दुसऱ्या बाजूस चढासाठी. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, नट ढिले करायचे, चाक काढून उलटे फिरवून बसवायचे, साखळी ताणायची आणि पुन्हा स्वार व्हायचे. हे सारे त्या लांब आडव्या खाचेच्या जोरावर चाले. चाक केव्हा फिरवावे यात शर्यती जिंकल्या जात आणि गमावल्याही जात.

देग्रांजच्या नियमांचा दुसराही एक चेहरा होता. स्वाराने आपली सायकल आपणच दुरुस्त केली पाहिजे. कोणाची मदत घेता कामा नये, आणि मोडलेल्या सायकलच्या जागी दुसरी घेता कामा नये. १९१३ सालच्या जुलैमध्ये, बायोनहून लुशोंकडे जाणाऱ्या टप्प्यात, यूजेन क्रिस्तोफ हा स्वार पिरेनीज पर्वतातील तुर्माले घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. शर्यत जिंकण्याची त्याची त्या दिवशी पुरी आशा होती. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरांहून अधिक अंतर चालत सेंत-मारी-द-कांपां या खेड्यात आला. तेथे एक लोहाराची भट्टी होती. लोहार कसबी होता, पण त्याने हात लावणे नियमात बसणारे नव्हते. शर्यतीचे अधिकारी समोर उभे राहून पाहत होते. क्रिस्तोफने पोलादाचा तुकडा घेतला, तापविला, ठोकला आणि आपला चिमटा आपल्या हातांनी जोडला. दोनच हातांत हातोडा, सांडशी आणि भाता कसा सांभाळावा? एका लहान मुलाने भाता हलविला. त्या मदतीबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला गेला. तोवर कित्येक तास निघून गेले होते आणि शर्यत फिलिप तीस या बेल्जियन स्वाराच्या हाती गेली होती.

हे एवढ्यावर थांबले नाही. १९१९ साली, आघाडीच्या स्वाराने पिवळा सदरा घालण्याची प्रथा जेव्हा प्रथमच सुरू झाली, तेव्हा तो सदरा सर्वांत आधी क्रिस्तोफच्या अंगावर चढला. शर्यत संपत आली असताना व्हालांसिएन येथे त्याचा चिमटा पुन्हा मोडला. १९२२ साली गालिबिए घाट उतरताना तिसऱ्यांदा तेच झाले. तूर द फ्रान्स त्याला एकदाही जिंकता आली नाही. त्या लोहाराच्या जागेवर आज स्मृतिफलक आहे. सांगाड्याचा विचार करणारे बहुतेक जण नळ्यांच्या त्रिकोणाकडे पाहतात आणि चिमटा हा सांगाड्याबरोबर येणारा किरकोळ भाग समजतात. क्रिस्तोफची कथा त्यांनी एकदा ऐकावी.

१९३७ साली ती बंदी उठली आणि गिअर बदलणारे यंत्र सर्वमान्य झाले. हे यंत्र साखळी सरकविण्याबरोबरच तिचा सैलपणाही आपल्या स्प्रिंगेने ओढून धरते, त्यामुळे चाक पुढे-मागे सरकविण्याची गरज हळूहळू संपली. तरी सवयीने म्हणा किंवा सोयीने म्हणा, खाच पुष्कळ वर्षे आडवीच राहिली. १९८० नंतर मात्र कारखाने ती उभी करू लागले, कारण उभ्या खाचेत चाक दर वेळी आपोआप नेमक्या जागी बसते. परिणाम असा झाला की, त्यानंतरचे बहुसंख्य सांगाडे एका गतीच्या सायकलला निरुपयोगी ठरले. निदान साखळी ताणणारी एखादी वेगळी कप्पी लावल्यावाचून त्यांवर निभत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढे एकविसाव्याच्या आरंभी युरोप-अमेरिकेतील शहरांत तरुणांना एका गतीच्या सायकलचे नवे वेड लागले, तेव्हा अडगळीत पडलेल्या १९७०-८० च्या पोलादी सांगाड्यांना जो अकस्मात भाव आला, त्याचे कारण हेच. नळ्या चांगल्या, झाळकाम हातचे, आणि खाच आडवी. मागच्या चिमट्यांमधील अंतरही पोलादात थोडेफार पसरता किंवा आवळता येते. जुन्या रस्त्यावरच्या सायकलींत ते १२० मिलिमीटर असे, मग १२६ झाले, नंतर १३०. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर असा प्रयोग करू नये. तो वाकण्याऐवजी तडकतो.

ज्यांना तयार जुना सांगाडा नको असतो ते वेलोड्रोमवरील शर्यतीच्या सांगाड्याकडे वळतात. त्या सांगाड्याची घडण एकाच जागेसाठी झालेली असते. बाकदार लाकडी मैदानावर वळतानाही पायडले फिरतच राहतात, म्हणून त्यांचा आस जमिनीपासून जरा उंच ठेवतात. हँडलची नळी ७४-७५ अंशांपर्यंत ताठ, चाके एकमेकांजवळ, खाच मागे उघडणारी. ब्रेक मुळीच नाही, इतकेच काय, तो बसविण्यासाठी चिमट्याला भोकही नाही. मडगार्डला जागा नसते, जाड टायर मावत नाही. मैदानावर हे सर्व गुण. रस्त्यावर यांतला एकेक गुण दोष होतो. न्यूयॉर्कच्या टपालपोऱ्यांनी असल्या सायकली भर रहदारीत चालविल्या आणि त्यांचे अनुकरण जगभर झाले, पण ते पोरे दिवसाचे आठ तास सायकलवर काढीत, हे अनुकरण करणारे विसरले. ब्रिटनच्या कायद्याने अशा सायकलला पुढे एक ब्रेक सक्तीचा आहे, आणि तो शहाणपणाचा कायदा आहे.

या मैदानी सांगाड्याची खरी पेढी जपानात. १९४८ च्या नोव्हेंबरात कोकुरा येथे ‘केरिन’ या शर्यती सुरू झाल्या. त्यांवर लोक पैसे लावतात. जेथे पैसा लागतो तेथे सायकल सर्वांची सारखी असलीच पाहिजे, नाहीतर हरलेला माणूस स्वाराला सोडून सायकलला दोष देईल. म्हणून तेथे सांगाडा कोणत्या पोलादाचा, कोणत्या मापाचा आणि कोणत्या कारागिराने केलेला, यावर कडक नियंत्रण असते. १९५७ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नावाची तीन आद्याक्षरे, एन.जे.एस., त्या भागांवर ठोकलेली असतात. जगातील शर्यतवीर कार्बनच्या सांगाड्यांवर गेले तरी केरिनमधील पुरुष स्वार हाताने झाळलेल्या पोलादी सांगाड्यांवरच राहिले. कोइची नाकानो याने १९७७ ते १९८६ अशी ओळीने दहा वर्षे जागतिक स्प्रिंट विजेतेपद मिळविले, ते योशिआकी नागासावा या कारागिराच्या सांगाड्यांवर. नियम एवढे बांधलेले असूनही प्रत्येक स्वाराच्या सांगाड्याची लांबी-उंची मात्र त्याच्या अंगमापाने ठरते.

भारतात याच्या अगदी उलट घडले. एका गतीची सायकल येथे हौसेची गोष्ट नव्हतीच; सायकल म्हणजे एका गतीची, असाच अर्थ होता. इंग्लंडहून आलेली २८ इंची चाकांची काळी रोडस्टर, सळईचे ब्रेक, हँडलची नळी ७० अंशांहून अधिक कललेली, दोन चाकांत ऐसपैस अंतर. हे कलते कोन खड्ड्यांचा धक्का पचवितात आणि हात सोडले तरी सायकल सरळ जाते. शर्यतीत मात्र असा सांगाडा मागे पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. वरळीतील एका रस्त्याला अजून त्याचे नाव आहे. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर, तसेच आसनसोल, सोनीपत आणि लुधियाना येथील कारखान्यांनी हाच सांगाडा लाखांनी काढला. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत ते याच सांगाड्याच्या बळावर. दुधाच्या किटल्या लटकविणाऱ्या गवळ्यासाठी त्याला वर दुहेरी दांडा आला. धार लावणाऱ्याने स्टँडवर उभी करून तिच्या मागच्या चाकावर सहाण फिरविली.

माप मात्र २२ इंच आणि २४ इंच, एवढेच. उंच माणसाने सीट वर ओढावी, ठेंगण्याने खाली दाबावी. लहान मुलाला तर सीटपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. तासाच्या भाड्याने आणलेली वडीलधाऱ्या मापाची सायकल तो त्रिकोणातून पाय पलीकडे घालून, एका काखेत सीट धरून, अंग एकीकडे कलवून हाफ पायडल मारीत चालवी. बेळगाव, इंदूर, बडोदे, सगळीकडे दोन-तीन पिढ्या सायकल शिकल्या त्या अशाच. सांगाडा माणसाच्या मापाचा नव्हता, म्हणून माणसाने स्वतःला सांगाड्याच्या मापाचे करून घेतले. सीटची उंची बदलता येते, पण सीट आणि हँडल यांमधील अंतर आडव्या दांड्याच्या लांबीने कायमचे ठरून गेलेले असते, आणि पाठ-मान दुखण्याचे मूळ पुष्कळदा तेथे असते. बांधून घेणाऱ्याने उंचीआधी लांबी पाहावी, असे जाणते कारागीर सांगतात ते यामुळे.

सांगाडा एकाच देहासाठी घडविणे किती दूरवर जाऊ शकते, याची साक्ष एका तासाच्या विक्रमाने दिली आहे. वेलोड्रोमवर एकट्याने एक तास सायकल चालवून किती अंतर काटले ते मोजायचे. गती एकच, फ्रीव्हील नाही. या विक्रमाची पहिली अधिकृत नोंद १८९३ सालची, पॅरिसची, ३५.३२५ किलोमीटर, आणि ती करणारा स्वार म्हणजे तोच आंरी देग्रांज. १९७२ साली एडी मर्क्स याने मेक्सिको येथे ४९.४३१ किलोमीटर अंतर काटले. कोल्नागोने त्याच्यासाठी केलेल्या सायकलचे वजन सहा किलोंहूनही कमी होते, पण आकार तोच शंकरपाळ्याचा. पुढे १९८४ साली मोझेर याने ५१.१५१ किलोमीटरांची मजल मारली.

१९९३ साली ग्रॅम ओब्री हा स्कॉटलंडचा कर्जबाजारी स्वार नॉर्वेतील हामार येथे आला, तो स्वतः घडविलेली सायकल घेऊन. छाती हातांवर टेकवून, कोपरे अंगाशी दुमडून बसले तर वारा कमी अडतो, हे त्याने ताडले होते. पण तसे बसल्यावर गुडघे वरच्या दांड्याला लागत. त्याने दांडाच काढून टाकला. पायडले एकमेकांजवळ आणण्यासाठी त्याने कपडे धुण्याच्या यंत्रातील बेअरिंग वापरले. १६ जुलैला दुसऱ्याने बनविलेल्या प्रतिकृतीवर त्याचा प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या जुन्या, घरी केलेल्या सांगाड्यावर बसला आणि ५१.५९६ किलोमीटर गेला. सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमन याने तो विक्रम मोडला. १९९४ च्या एप्रिलात ओब्रीने तो परत मिळविला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने त्याची बैठक नियमबाह्य ठरविली, आणि पालेर्मोच्या जागतिक स्पर्धेत त्याला बाद केले. १९९५ साली तो हात पुढे लांब पसरून बसण्याची नवी तऱ्हा घेऊन आला आणि बोगोटा येथे जगज्जेता झाला. ती तऱ्हा वापरून बोर्डमन १९९६ साली मँचेस्टरला एका तासात ५६.३७५ किलोमीटर गेला. मग तीही बंद झाली.

२००० साली संघटनेने फर्मान काढले की, तासाचा विक्रम करावयाचा तर मर्क्सच्या काळासारख्याच सायकलवर: गोल नळ्यांचा, शंकरपाळ्याच्या आकाराचा सांगाडा, ताऱ्यांची चाके, वळलेले हँडल. ऑक्टोबरात बोर्डमन तशा सायकलवर बसला. तोच स्वार, तेच मँचेस्टरचे मैदान, चार वर्षांचे वय तेवढे वाढलेले. तो ४९.४४१ किलोमीटर गेला, म्हणजे मर्क्सच्या पुढे दहा मीटर, आणि स्वतःच्या मागे जवळजवळ सात किलोमीटर. २०१४ साली नियम पुन्हा सैल झाले. २०२२ च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमधील ग्रेंखेन येथे फिलिप्पो गान्ना या इटालियन स्वाराने ५६.७९२ किलोमीटर अंतर काटले. त्याचा सांगाडा झाळलेला नव्हता. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि स्कँडियम यांच्या मिश्रधातूची भुकटी थरावर थर वितळवून यंत्राने तो एकट्या त्याच्यासाठी उभा केला होता. पुढे एक दंतचक्र होते आणि मागे एक.